प्रेशर कुकरमध्ये ओट्सची लापशी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ओट्स पातेल्यात शिजवणं अवघड नाही, पण ते गॅसवर ठेवून दुसरीकडे जाता येत नाही. आच जराशी मोठी राहिली तर फेस वर येऊन उतू जातो. मंद करून दुसऱ्या कामाला लागलं तर बुडाला लागतं. जाड तुकड्यांचे ओट्स असतील तर हे वीस-पंचवीस मिनिटं चालतं. सकाळी एवढा वेळ डाव हातात घेऊन उभं राहणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी कुकर उत्तम आहे.

कुकरमुळे एकूण वेळ वाचेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. प्रेशर तयार होणं, शिजणं आणि वाफ जिरणं असं सगळं धरून अर्धा-पाऊण तास लागतोच. फरक इतकाच, की त्यात तुमचे हात चार-पाच मिनिटंच गुंततात. बाकीचा वेळ आंघोळीला, आवराआवरीला मोकळा मिळतो, आणि लापशी एकसारखी, मऊ, कुठेही न लागलेली मिळते. रोज नाश्ता करायचा तर मला हाच फायदा मोठा वाटतो.

पण ओट्स हा कुकरसाठी भाताइतका सरळ पदार्थ नाही. म्हणून कृतीच्या आधी थोडं समजून घेऊ.

आधी फेसाबद्दल

तुमच्या कुकरबरोबर आलेली माहितीपुस्तिका शोधून वाचा. कुकरमध्ये शिजवू नयेत अशा पदार्थांची यादी बऱ्याच पुस्तिकांमध्ये असते. त्यात सफरचंदाचा गर, बार्ली, पास्ता यांच्याबरोबर ओट्सचं नाव अनेकदा सापडतं. ही सूचना उगाच घातलेली नाही.

ओट्समध्ये स्टार्च आहे, प्रथिनं आहेत आणि बीटा-ग्लुकन नावाचा, पाण्यात विरघळणारा तंतुमय पदार्थ आहे. लापशीला दाटपणा आणि गुळगुळीतपणा येतो तो मुख्यतः स्टार्च आणि बीटा-ग्लुकनमुळे. पण त्याच दाट, चिकट पाण्यात उकळीचे बुडबुडे लवकर फुटत नाहीत. ते एकावर एक चढत जातात. पातेल्यात हा फेस आपल्याला दिसतो, आपण आच कमी करतो. बंद कुकरमध्ये तो दिसत नाही. तो थेट झाकणापर्यंत चढतो आणि वाफ बाहेर जाण्याच्या बारीक नळीत शिरू शकतो. नळी तुंबली की वाफेची नेहमीची वाट बंद होते आणि सगळी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर येते.

या व्हॉल्व्हचा इतिहास कुकरइतकाच जुना आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याने १६७९ मध्ये हाडं मऊ करण्यासाठी वाफेच्या दाबाचं बंद भांडं बनवलं, आणि ते फुटू नये म्हणून त्याला दाब वाढल्यावर आपोआप उघडणारा व्हॉल्व्हही जोडला. आजच्या कुकरमध्ये त्याहून चांगली सोय असते. तरी ती शेवटच्या बचावासाठी आहे. रोजच्या नाश्त्यात तिच्यावर वेळ येता कामा नये.

दुसरा धोका शिजून झाल्यानंतरचा. कुकरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस इंचाला १५ पौंडांनी वाढला, तर आतलं पाणी १०० ऐवजी सुमारे १२१ अंश सेल्सियसला उकळतं. अशा वेळी घाई करून शिट्टी उचलली तर दाब क्षणात खाली येतो, पण लापशी अजून शंभरच्या वरच असते. मग ती सगळीच्या सगळी एकदम उसळते आणि गरम, चिकट फेस नळीतून बाहेर उडतो. साधं उकळतं पाणी अंगावरून ओघळून तरी जातं. लापशी कातडीला चिकटून राहते आणि खोलवर भाजते.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या करा. ओट्स कुकरमध्ये थेट न घालता आतल्या वेगळ्या डब्यात शिजवायचे. डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही. आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. या तिन्हींत मी कधीच सूट घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. पुस्तिकेत ओट्स कोणत्याही पद्धतीने शिजवायला स्पष्ट मनाई असेल, तर त्या कुकरपुरता तोच शब्द अखेरचा.

कोणते ओट्स घ्यायचे

पाकिटावर ओट्स एवढंच पाहून घेतले तर फसगत होते, कारण एकाच दाण्याचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाचा शिजण्याचा वेळ निराळा.

टरफल काढलेला अख्खा दाणा सर्वांत उशिरा शिजतो. तो दोन-तीन तुकड्यांत कापला की त्याला स्टील कट ओट्स म्हणतात. वाफवून रुळांखाली चपटा केला की रोल्ड ओट्स. आधी कापून मग आणखी पातळ दाबले की क्विक ओट्स. आणि इन्स्टंट ओट्स तर जवळजवळ शिजवूनच वाळवलेले असतात. त्यांच्यावर गरम पाणी ओतलं तरी पुरतं. त्यांच्या पाकिटात बहुतेक वेळा साखर, मीठ किंवा मसाला आधीच घातलेला असतो, तेही वाचून घ्या.

कुकरसाठी माझी पसंती निःसंशय स्टील कट ओट्सना आहे. पातेल्यात त्यांनाच सर्वांत जास्त वेळ आणि लक्ष लागतं, त्यामुळे कुकरचा खरा उपयोग तिथेच होतो. शिजल्यावरही त्यांचा कण शाबूत राहतो, दाताखाली येतो, आणि ते सावकाश पचतात म्हणून पोट बराच वेळ भरलेलं वाटतं. रोल्ड ओट्स पातेल्यात पाच-दहा मिनिटांत होतात. चार-पाच माणसांसाठी करायचे असतील किंवा अजिबात ढवळायचं नसेल तरच ते कुकरला लावा. क्विक आणि इन्स्टंट कुकरमध्ये घालू नका. त्यांचा नुसता गिजगोळा होतो.

ओट्समध्ये इतर बऱ्याच धान्यांपेक्षा तेलाचा अंश जास्त असतो. टरफल काढल्यावर दाण्यातलंच एक एन्झाइम त्या तेलावर काम करून ते खवट करतं, म्हणून कारखान्यात दाण्यांना आधी उष्णता देऊन ते निष्क्रिय करतात. तरीही जुने, उघडे राहिलेले ओट्स खवट होतात. पाकीट फोडल्यावर ते घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून आणि गॅसच्या उष्णतेपासून लांब ठेवा. वास घेऊन पाहा. जुन्या तेलासारखा किंवा कडवट वास आला तर टाकून द्या, शिजवून तो जात नाही.

घरात कोणाला सीलिअॅक आजार, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसण्याचा आजार, असेल तर एक गोष्ट महत्त्वाची. ओट्समध्ये ते ग्लुटेन नसतं, पण शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत ते गहू-बार्लीबरोबर मिसळले जातात. अशांनी ग्लुटेन-फ्री असं स्पष्ट लिहिलेलंच पाकीट घ्यावं. ज्यांना तेही सोसत नाहीत अशी थोडी माणसं असतात, म्हणून डॉक्टरांशी बोलून सुरुवात करावी.

भांडी

शिट्टीचा कुकर असो की इलेक्ट्रिक, आत बसणारा स्टीलचा डबा हवा. दोन माणसांच्या लापशीला किमान एक लिटरचा, चार माणसांना दोन लिटरचा. डब्याच्या आणि कुकरच्या भिंतीमध्ये वाफ खेळायला बोटभर जागा राहिली पाहिजे. जाड चिनी मातीचं भांडं चालतं, पण ते सावकाश तापतं म्हणून वेळ वाढवावा लागतो. साधी काच नको, ती तडकते. प्लॅस्टिक मुळीच नको.

डब्याखाली ठेवायला जाळी किंवा बुटकं स्टँड लागतं, म्हणजे डबा तळाला टेकून खडखडत नाही. डब्यावर सैल बसणारं झाकण किंवा ताटली ठेवा. झाकण नसेल तर कुकरच्या झाकणावर जमलेलं वाफेचं पाणी थेंबाथेंबाने लापशीत पडतं आणि ती वरून पाणचट होते. कड्या लावून बंद होणारा हवाबंद डबा मात्र वापरायचा नाही. त्याच्या आत वेगळाच दाब तयार होतो.

कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून वाफेच्या नळीतून आरपार दिसतंय ना ते पाहा. रबरी रिंगला चिरा पडल्या असतील, ती कडक झाली असेल तर बदला. दहा सेकंदांचं काम आहे, रोज करा.

प्रमाण

इथे नवखे लोक सर्वांत जास्त गोंधळतात, कारण कपाने मोजलं तर एक कप सगळीकडे सारखा नसतो. २४० मिलिलिटरच्या कपात रोल्ड ओट्स ८० ते ९० ग्रॅम बसतात, तर स्टील कट ओट्स १७० ग्रॅमच्या आसपास. एका माणसाला ४० ग्रॅम सुके ओट्स पुरतात. म्हणजे रोल्ड असतील तर अर्धा कप आणि स्टील कट असतील तर पाव कप. रोल्डच्या हिशोबाने स्टील कट घेतले तर दुप्पट लापशी होते, डबा अर्ध्याच्या वर भरतो आणि फेसाला जागा उरत नाही.

पाणी स्टील कटला तिप्पट, रोल्डला दुप्पट ते अडीचपट. कुकरमधून पाणी फारसं उडत नाही, म्हणून पातेल्याच्या कृतीतलं चौपट पाणी इथे घेऊ नका. घट्टसर लापशी आवडणाऱ्यांनी स्टील कटला अडीचपट घ्यावं. पहिल्यांदा मात्र तिप्पटच घ्या आणि मग आपल्या आवडीप्रमाणे कमी-जास्त करा.

कृती: दोन माणसांसाठी स्टील कट ओट्स

लागेल: अर्धा कप स्टील कट ओट्स, दीड कप पाणी, चिमूटभर मीठ, एक लहान चमचा लोणी किंवा तेल. दूध, साखर, फळं नंतर.

पहिली पायरी. ओट्स चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली एकदा धुवा. वरची स्टार्चची भुकटी निघून जाते आणि फेस थोडा कमी होतो. वेळ असेल तर धुण्याऐवजी सुकेच ओट्स कढईत लोण्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. भाजका, खमंग वास सुटला की थांबा. चवीत एवढा फरक पडतो की सुट्टीच्या दिवशी ही पायरी वगळू नये असंच मी सांगेन.

दुसरी पायरी. डब्याला आतून लोण्याचं किंवा तेलाचं बोट फिरवा, विशेषतः वरच्या अर्ध्या भागाला. स्निग्ध पदार्थ बुडबुड्यांची पातळ त्वचा फोडतो, त्यामुळे फेस त्या रेषेपाशी मोडतो. उरलेलं लोणी ओट्समध्येच घाला.

तिसरी पायरी. डब्यात ओट्स, पाणी आणि मीठ घालून एकदा ढवळा. मीठ आत्ताच घालायचं, गोड लापशी करणार असलात तरी. शिजल्यावर घातलेलं मीठ वरवर राहतं आणि बिनमिठाची लापशी कितीही साखर घातली तरी सपक लागते. डबा कितपत भरलाय ते पाहा: पाण्याची पातळी निम्म्याच्या खाली हवी.

चौथी पायरी. कुकरच्या तळात दीड-दोन कप पाणी ओता, जाळी ठेवा, त्यावर डबा, डब्यावर झाकण. अॅल्युमिनियमचा कुकर असेल तर तळच्या पाण्यात लिंबाची एखादी फोड टाका, म्हणजे कुकर आतून काळा पडत नाही. वर दुसरा डबा रचू नका. ओट्स असताना कुकरमध्ये मोकळी जागा हवी.

पाचवी पायरी. झाकण लावून मध्यम आचेवर ठेवा. पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करा आणि तिथून घड्याळ लावून दहा ते बारा मिनिटं मोजा. शिट्ट्यांवर वेळ मोजण्याची सवय इथे सोडावी लागते. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या दोन-तीन मिनिटांत होतात, मंद आचेवर त्यांनाच पाव तास लागतो. म्हणून शिट्टीच्या आकड्यावरून ओट्स शिजलेत की नाही ते कळत नाही. शिवाय प्रत्येक शिट्टीला दाब एकदम उतरून पुन्हा चढतो आणि दर वेळी आतला फेस उसळतो. मंद आचेवर नुसती बारीक फुसफुस चालू राहणं ओट्सना मानवतं.

सहावी पायरी. गॅस बंद करा आणि कुकरला हात लावू नका. शिट्टी उचलायची नाही, कुकर नळाखाली धरायचा नाही. वाफ जिरायला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. हा वेळ वाया जात नाही, कारण या काळात डब्यातलं तापमान सावकाश उतरत असतं आणि ओट्स उरलेलं पाणी पीत असतात. वर दिलेली दहा-बारा मिनिटं ही वाफ जिरण्याचा वेळ गृहीत धरूनच ठरवली आहेत. मधेच झाकण उघडलं तर कण आतून कच्चा लागतो.

सातवी पायरी. शिट्टी हलवून पाहा, वाफ येत नसेल तरच झाकण उघडा. जोर लावावा लागत असेल तर आत दाब आहे असं समजून थांबा. झाकण आपल्यापासून पलीकडच्या बाजूला कलतं करून उघडा. डबा सांडशीने बाहेर काढा.

डबा उघडल्यावर वर पाणी आणि खाली ओट्स असं दिसेल. घाबरू नका, पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाला ती बिघडल्यासारखी वाटते. तळापासून नीट ढवळा आणि झाकून पाच मिनिटं ठेवा. पाणी आत मुरतं आणि लापशी सरबरीत होते. ताटलीत घेतल्यावर ती आणखी घट्ट होत जाते, म्हणून डब्यात असताना हवी त्यापेक्षा थोडी पातळच असू द्या.

रोल्ड ओट्सची कृती हीच. फक्त पाणी दुप्पट ते अडीचपट, आणि पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर दोन मिनिटंच. बाकी काम वाफ जिरताना होतं. अख्खे दाणे असतील तर तिप्पट पाणी आणि मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं. त्यांच्यासाठी तळात पाणीही अर्धा-एक कप जास्त ठेवा.

समुद्रसपाटीपासून ६०० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर त्यापुढच्या दर ३०० मीटरला शिजण्याचा वेळ साधारण ५ टक्क्यांनी वाढवतात. डोंगरावरच्या गावात मैदानी वेळेवर शिजवलेले ओट्स थोडे कणीदार राहतात ते यामुळे.

इलेक्ट्रिक कुकर असेल तर

डब्याची पद्धत इथेही तशीच. तळात एक कप पाणी पुरतं, कारण शिट्ट्यांतून वाफ वाया जात नाही. हाय प्रेशरवर स्टील कटला १२ ते १५ मिनिटं लावा. या कुकरांचा दाब बहुधा शिट्टीच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो. मग नॅचरल रिलीज, म्हणजे बटणाला हात न लावता दाबदर्शक खिळा आपोआप खाली पडेपर्यंत थांबणं.

काही इलेक्ट्रिक कुकरच्या पुस्तिकांमध्ये ओट्स आतल्या मोठ्या भांड्यात थेट शिजवायची परवानगी असते, कधी त्यासाठी वेगळं बटणही असतं. तसं असेल आणि सहा-आठ माणसांसाठी करायचं असेल तरच थेट करा. भांड्याला लोणी फासा, निम्म्याच्या वर भरू नका, स्टील कटला चार-पाच मिनिटं आणि नंतर किमान पंधरा मिनिटं नॅचरल रिलीज. ओट्स घातल्यावर तळ एकदा खरवडून ढवळा, कारण तळाशी बसलेलं स्टार्च तापून लागतं आणि कुकर मधेच बर्नची सूचना देऊन थांबतो.

डिले स्टार्टची सोय मोहात पाडते: रात्री भरून ठेवा, सकाळी तयार. ती वापरायची तर डब्यात पाणी आणि ओट्स एवढंच ठेवा. दूध रात्रभर बाहेर राहिलं तर नासतं आणि शिजवून ते सुरक्षित होत नाही. हवा गरम असेल तर मी रात्रभराचा डिले टाळते. नुसते भिजलेले ओट्ससुद्धा आंबूस होतात. त्यापेक्षा डबा फ्रिजमध्ये भिजवून ठेवा आणि सकाळी कुकरला लावा. भिजलेले स्टील कट ओट्स पहिल्या शिट्टीनंतर सात-आठ मिनिटांत होतात.

दूध, गोड, तिखट

दूध कुकरमध्ये घालू नका. त्याला स्वतःचा फेस येतो, त्यात ओट्सचा मिळाला की डबा हमखास उतू जातो. लापशी तयार झाल्यावर कोमट किंवा गरम दूध घालून ढवळा. चवही ताजी लागते. बदामाचं, सोयाचं, ओट्सचं दूध चालेल.

साखर, मध, खजुराचा लगदा हे सगळं शेवटी. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, लापशीत मिसळूनही नाही. त्यात असू शकणाऱ्या जंतुबीजांमुळे बाळांना बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. दालचिनीचा तुकडा किंवा वेलची मात्र आधीच घाला, वाफेत त्यांचा वास लापशीभर मुरतो.

मनुका, जर्दाळू, सुकं अंजीर आधी घातलं तर छान फुगतं. ते पाणी ओढतात, म्हणून मूठभर घातल्यास दोन-तीन चमचे पाणी वाढवा. सफरचंदाचा कीस आत घालू नका, त्यालाही फेस येतो. फोडी करून वरून घाला. केळं कापून वरून. आंबट फळं आणि दूध एकत्र करायचं असेल तर लापशी थोडी निवल्यावर करा, नाहीतर दूध फाटतं. अक्रोड, बदाम शेवटी, म्हणजे कुरकुरीत राहतात.

गोड न आवडणाऱ्यांनी पाण्याऐवजी भाज्यांचं सूप वापरून पाहावं. वरून मिरपूड, परतलेले मशरूम किंवा पालक आणि एक उकडलेलं अंडं. हे पोटभरीचं होतं आणि माझ्या मते स्टील कट ओट्सची मूळ चव यातच जास्त कळते.

जाता जाता पोषणाबद्दल. सुरुवातीला ज्या बीटा-ग्लुकनने फेसाचा त्रास दिला, त्याच्याचसाठी ओट्सचं नाव आहे. तो रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली, तिचा आधार रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हा होता, आणि तोही संपृक्त चरबी कमी असलेल्या आहाराच्या जोडीने. ४० ग्रॅम ओट्समधून साधारण दीड ग्रॅम मिळतो. म्हणजे एका वाटीने निम्मं काम होतं, आणि वर लोणी-साखरेचा थर दिला तर तेही वाया जातं.

बिघडलं तर

फार घट्ट झाली: गरम पाणी किंवा दूध थोडं थोडं घालून ढवळा. गार दूध एकदम ओतलं तर गोळे होतात.

फार पातळ झाली: पाच मिनिटं मुरूनही पाणी वर दिसत असेल तर पातेल्यात काढून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळत आटवा. पुढच्या वेळी पाव कप पाणी कमी.

कण कच्चा राहिला: डबा झाकून पुन्हा कुकरमध्ये ठेवा, तळात पाणी आहे ना पाहा, शिट्टीनंतर तीन-चार मिनिटं द्या. बहुतेक वेळा कारण एकच असतं, वाफ जिरण्याआधी झाकण उघडलं.

शिजत असताना शिट्टीच्या भोवती पांढरा फेस दिसला किंवा चिकट पाणी उडायला लागलं, तर गॅस लगेच बंद करा आणि लांब उभे राहा. शिट्टी काढायची नाही, पाणी ओतायचं नाही, कुकर उचलायचा नाही. पूर्ण गार होऊ द्या. मग उघडून नळी, शिट्टी आणि व्हॉल्व्ह साफ करा आणि डबा किती भरला होता ते तपासा. कारण बहुधा तिथेच सापडतं.

उरलेली लापशी

तीन-चार दिवसांची एकदम करून ठेवणं हा कुकरचा आणखी एक चांगला उपयोग. पण शिजल्यावर दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये गेली पाहिजे. धान्यात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूची बीजं असतात. ती उकळीत पूर्ण मरत नाहीत आणि कोमट लापशीत भराभर वाढतात. उथळ डब्यांत पसरून ठेवली तर लवकर गार होते. ४ अंशांखालच्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. फ्रीजरमध्ये एकेका वाटीचे गोळे करून ठेवले तर दोन-तीन महिने.

फ्रिजमधली लापशी वडीसारखी घट्ट होते, ते साहजिक आहे. वाटीभर लापशीला तीन-चार चमचे दूध किंवा पाणी घालून, मोडत मोडत वाफ निघेपर्यंत गरम करा. एकदा गरम केलेली पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका.

धुणं

डबा रिकामा झाला की लगेच गार पाण्याने भरून ठेवा. वाळलेले ओट्स भांड्याला घट्ट चिकटतात आणि मग घासून हात दुखतात. पंधरा मिनिटं भिजले तर स्पंजनेच निघतात. कुकरच्या झाकणाची रिंग काढून तिच्या खाचेत बोट फिरवा, तिथे फेसाचा अंश साचतो. इलेक्ट्रिक कुकरची सिलिकॉन रिंग मसाल्यांचा वास धरते, म्हणून गोड लापशी वरचेवर करत असाल तर त्यासाठी एक वेगळी रिंग ठेवा. वाफेची नळी पिनेने किंवा बारीक ब्रशने मोकळी करा, शिट्टी सुटी करून आतून धुवा, आणि सगळं कोरडं झाल्यावरच झाकण उलटं करून कुकरवर ठेवा.